औषधाला सूट असते, तरी औषध का पोचत नाही?

२०१९-२० च्या गळीत हंगामात भारताबाहेर गेलेल्या साखरेच्या मोठ्या खरेदीदारांत इराण होता. पुढच्या हंगामात तो त्या यादीतून जवळजवळ दिसेनासा झाला. इराणातली साखरेची गरज संपली नव्हती, आपल्याकडे गोडाऊनमध्ये पोत्यांच्या थप्प्या होत्या, आणि साखरेवर कुणी बंदी घातलेली नव्हती. इराणवरच्या अमेरिकेच्या निर्बंधांत अन्नधान्य आणि औषधांना सूट आहे, असं तेव्हाही कागदावर होतं. तरीही व्यवहार थांबला.

तो का थांबला हे समजलं की आर्थिक निर्बंध सामान्य माणसाच्या घरात कुठल्या वाटेने शिरतात ते कळतं. हे कळल्याशिवाय निर्बंधांविरुद्ध बोलायला उभं राहू नये असं माझं मत आहे. कारण समोरचा पहिलाच प्रश्न विचारतो, 'औषधाला सूट आहेच की, मग तुमची तक्रार काय?' आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात.

आधी साखरेचं बघू. आपण इराणकडून कच्चं तेल घ्यायचो. निर्बंधांमुळे त्याचे पैसे डॉलरमध्ये देणं अवघड झालं, तेव्हा २०१२ च्या सुमारास एक वाट काढली गेली. तेलाच्या बिलाचा काही भाग भारतीय कंपन्यांनी युको बँकेतल्या खात्यात रुपयांत भरायचा, आणि त्या रुपयांतून इराणने भारताकडूनच बासमती, चहा, साखर, सोयापेंड, औषधं घ्यायची. डॉलरचा संबंधच नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेने तेलखरेदीची सवलत काढून घेतली आणि भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं. खात्यात नवे रुपये येईनात. जुनी शिल्लक होती तोवर साखर आणि तांदूळ जात राहिला. शिल्लक आटली तशी खरेदीही आटली.

म्हणजे साखरेला हात न लावता साखर थांबवता येते. ती विकत घ्यायला लागणारा पैसा ज्या नळातून येतो तो नळ बंद केला की झालं. आपल्याकडे निर्यात अडली की कारखान्याचं भांडवल अडकतं आणि एफआरपीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या उसाच्या किमान दराचा, हप्ता लांबतो, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला नको. पण त्याच नळावर तिकडची औषधंही होती.

मी शिरोली एमआयडीसीत निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते. फौंड्रीचा माल असतो, पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्हची कास्टिंग्ज. बँकेत इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) देताना सोबत एक हमीपत्र जोडावं लागतं. माल, खरेदीदार, खरेदीदाराची बँक, जहाज, जहाजाचा मालक, वाटेत लागणारी बंदरं, यांपैकी काहीही निर्बंधांच्या यादीत नाही, असं त्यात लिहून द्यायचं. बँक जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, घालून ते जहाज आधी कुठे जाऊन आलं तेही तपासते. खरेदीदाराचं नाव यादीतल्या एखाद्या नावाशी नुसतं मिळतंजुळतं निघालं तरी फाइल थांबते आणि खुलासे सुरू होतात. हे सगळं ज्या देशांवर निर्बंध नाहीत तिथे माल पाठवताना. मग इराणच्या एखाद्या हॉस्पिटलला औषध पाठवणाऱ्याचं काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो.

परदेशातून येणारा डॉलर बहुतेक वेळा अमेरिकेतल्या एखाद्या बँकेतून फिरून येतो. आपल्या बँकेचं जिच्यात खातं असतं त्या तिथल्या बँकेला करस्पॉन्डंट बँक म्हणतात. डॉलर तिथून जातो म्हणून अमेरिकेचा कायदा त्या व्यवहाराला लागू होतो, मग विकणारा कोल्हापूरचा असो नाहीतर घेणारा तेहरानचा. त्याच्या जोडीला दुय्यम निर्बंध आहेत. आमच्या यादीतल्या देशाशी व्यवहार केलास तर तुलाही आमच्या बाजारातून बाहेर काढू, अशी ही तिसऱ्या देशाला दिलेली तंबी. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्युबाशी संबंधित व्यवहारांसाठी अमेरिकेला सुमारे ८.९ अब्ज डॉलर दंड भरला. त्यानंतर जगातल्या प्रत्येक बँकेने आपला हिशेब मांडला. औषधाच्या एका कन्साइनमेंटवर कमिशन मिळणार काही हजार, आणि चूक झाली तर दंड अब्जावधी. कायद्यात सूट आहे हे बँकेला ठाऊक असतं. तरीही ती म्हणते, आम्हाला त्या देशाचं कामच नको. विमा कंपनी तेच म्हणते, जहाज कंपनीही तेच म्हणते. कायद्याने परवानगी असलेलं कामही भीतीपोटी नाकारलं जातं, आणि नाकारणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, कारण त्याने कुठलाच कायदा मोडलेला नसतो.

ही भीती किती खोल जाते याचं एक उदाहरण इराणमधलंच आहे. एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाचा जन्मजात आजार असतो. कातडी इतकी नाजूक की कपडा घासला तरी फोड येतो आणि साल निघते. या मुलांना फुलपाखरी मुलं म्हणतात. त्यांच्या जखमांवर एक खास फोमची पट्टी लावतात, जी काढताना जखमेला चिकटत नाही. साधं गॉज लावलं तर पट्टी बदलताना खालची कातडी सोबत निघून येते, आणि हे दर दोन-तीन दिवसांनी, जन्मभर. २०१८ मध्ये अमेरिका इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि निर्बंध परत आले, तेव्हा ही पट्टी बनवणाऱ्या स्वीडनमधल्या कंपनीने इराणला पुरवठा थांबवला. वैद्यकीय वस्तूंना सूट होती. कंपनीने तरीही व्यवहार नको म्हटलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेला अंतरिम आदेश दिला होता की औषधं, अन्न आणि विमानसुरक्षेचे सुटे भाग यांच्या वाटेतले अडथळे दूर करा. आदेश आला आणि कागदावरच राहिला. युरोपीय देशांनी डॉलरला वळसा घालायला इन्स्टेक्स नावाची वेगळी यंत्रणा २०१९ मध्ये उभारली. तिच्यातून मार्च २०२० मध्ये वैद्यकीय मालाचा एकच व्यवहार पार पडला आणि २०२३ मध्ये ती गुंडाळली गेली. युरोपातल्या मोठ्या सरकारांना जे जमलं नाही ते एखाद्या औषध दुकानदाराला कुठून जमणार?

आता इराक. निर्बंधांचा आणि त्यांच्याविरुद्धच्या मोहिमांचाही हा सगळ्यात मोठा धडा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. चार दिवसांनी, ६ ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ करून इराकचा जवळजवळ सगळा व्यापार बंद केला. औषधांना सूट होती, अन्नालाही 'मानवतावादी परिस्थितीत' होती. पण इराकचं उत्पन्न तेलाचं, आणि बरंचसं अन्न बाहेरून यायचं. तेल विकता येत नाही म्हटल्यावर सूट मिळालेली वस्तू घ्यायची कशाने? त्यात १९९१ च्या युद्धात वीजकेंद्रांवर बॉम्ब पडलेले. वीज नाही म्हणून पाण्याचे पंप बंद, पंप बंद म्हणून मैला नदीत, आणि तेच पाणी घराघरांत. बाळांचा जीव जुलाबाने जायचा. दुरुस्तीला पंपाचे सुटे भाग, पाइप, क्लोरीन हवं होतं. क्लोरीनपासून विषारी वायू बनतो म्हणून त्याच्यावर कडक पहारा.

शेवटी तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना आली. ठराव एप्रिल १९९५ चा, माल प्रत्यक्ष पोचू लागला १९९७ मध्ये. इराकने तेल विकायचं, पैसे संयुक्त राष्ट्रांच्या खात्यात, त्यातला सुरुवातीला ३० टक्के वाटा युद्धाच्या भरपाईसाठी बाजूला, आणि उरलेल्यातून मंजूर झालेल्या यादीप्रमाणे खरेदी. मंजुरी देणारी समिती सुरक्षा परिषदेच्या पंधरा सदस्यांची. तिच्या बैठका बंद दाराआड व्हायच्या आणि कुणाही एका सदस्याने हरकत घेतली की करार अडकायचा. कारण दुहेरी वापराचं, म्हणजे ही वस्तू लष्करालाही उपयोगी पडू शकते. पाण्याचे टँकर या कारणाने अडकले. २००१ च्या सुरुवातीला लहान मुलांच्या लसी अडकल्या होत्या, कारण लसीत जिवंत जंतू असतात. वर्तमानपत्रांनी आवाज उठवला तेव्हा त्या सुटल्या. २००२ च्या मध्यापर्यंत अशा अडकलेल्या करारांची रक्कम ५ अब्ज डॉलरच्या वर गेली होती.

आणि सद्दाम? तो २००३ च्या युद्धापर्यंत गादीवर होता. निर्बंधांमुळे त्याची पकड ढिली झाली नाही. दिनार कोसळला, शिक्षकांचे महिन्याचे पगार दोन-चार डॉलरवर आले, मध्यमवर्ग घरातलं सामान विकून जगू लागला, आणि प्रत्येक कुटुंब सरकारच्या रेशनवर आलं. पीठ, तांदूळ, तेल, साखर, चहा, सगळं सरकारकडून. ज्याच्या हातात रेशनकार्ड त्याच्याविरुद्ध रस्त्यावर कोण उतरणार? जनतेला चिमटा काढला की ती राज्यकर्त्याला खाली खेचेल, हे निर्बंधांमागचं गृहीतक इराकमध्ये तरी पार खोटं ठरलं.

या यंत्रणेच्या आत बसलेल्या माणसांनीच आधी तोंड उघडलं. इराकमधले संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे, आयर्लंडचे, तीन दशकांहून अधिक नोकरी झालेले. १९९८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि उघडपणे म्हणाले की आपण एक सबंध समाज उद्ध्वस्त करतो आहोत. त्यांच्या जागी जर्मनीचे हान्स फॉन श्पोनेक आले. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांनीही तेच कारण देऊन पद सोडलं. त्यांच्या पाठोपाठ जागतिक अन्न कार्यक्रमाच्या इराकमधल्या प्रमुख युटा बुर्घार्ड्ट यांनी सोडलं. तिघांचंही तिथलं काम अन्न आणि औषधं पोचवण्याचंच होतं.

बाहेर दोन वेगवेगळ्या धाटणीच्या मोहिमा उभ्या राहिल्या आणि दोन्हींकडून शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत कॅथी केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'व्हॉइसेस इन द वाइल्डरनेस' ही संघटना काढली. आम्ही कायदा मोडणार आहोत, असं सरकारला आधी कळवून ही माणसं औषधं घेऊन इराकला जायची. त्यांना २०,००० डॉलरचा दंड झाला, तो भरायला त्यांनी नकार दिला. सत्याग्रहाची ही रीत आपल्या ओळखीची आहे. दुसरी मोहीम इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची. त्यांनी वेगळं काम केलं. समितीची कागदपत्रं, ठराव, अहवाल मिळवायचे, वाचायचे, जुळवायचे आणि सगळ्यांसाठी खुले करायचे. शस्त्रबंदीला आमचा विरोध नाही, सामान्य लोकांना उपाशी ठेवणाऱ्या निर्बंधांना आहे, आणि सद्दामच्या सरकारशी आमचा काही संबंध नाही, हे ते प्रत्येक पानावर स्पष्ट ठेवायचे. कागद बारकाईने वाचायची ही सवय पुढे वेगळ्याच कामी आली. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकबद्दल एक अहवाल काढला. त्यातला मोठा भाग एका संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातून चुकांसकट उचललेला आहे हे उघडकीला आणलं ते याच गटातल्या ग्लेन रंगवाला यांनी.

इराकच्या बाबतीत एक आकडा अजूनही भाषणांत फिरतो, की निर्बंधांमुळे पाच लाख मुलं दगावली. मे १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या तेव्हाच्या राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांना एका टीव्ही मुलाखतीत हाच आकडा सांगून विचारलं, एवढी किंमत योग्य आहे का? त्या म्हणाल्या, आम्हाला वाटतं, योग्य आहे. त्या उत्तराने जग हादरलं, आणि पुढे स्वतः ऑलब्राइट यांनीही त्याबद्दल खेद व्यक्त केला. पण तो आकडा टिकला नाही. २००३ नंतर झालेल्या पाहण्यांमध्ये बालमृत्यूंची तेवढी मोठी वाढ दिसलीच नाही, आणि १९९९ च्या ज्या पाहणीने त्या आकड्याला बळ दिलं तिच्यातली माहिती सद्दामच्या सरकारने फिरवली होती असं २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातल्या संशोधन लेखाने मांडलं. मला हे वाचून वाईट वाटलं, पण लपवण्यात अर्थ नाही. अडकलेले टँकर खरे आहेत, अडकलेल्या लसी खऱ्या आहेत, तिघांचे राजीनामे खरे आहेत. न्याय्य गोष्टीसाठी कच्चा आकडा वापरला की ज्या दिवशी तो पडतो त्या दिवशी खऱ्या गोष्टीही लोक खोट्यात काढतात. २०२५ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये एक अभ्यास आला. एकतर्फी निर्बंधांशी निगडित मृत्यू दरवर्षी सुमारे ५ लाख ६४ हजार असावेत असा त्याचा अंदाज आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांचा तसा परिणाम त्या अभ्यासाला आढळला नाही. तोही सांगायचा असेल तर अंदाज म्हणूनच सांगायचा, आणि दोन्ही भाग सांगायचे.

मग सगळेच निर्बंध वाईट का? अजिबात नाही, आणि इथे आपल्या देशाचा इतिहास मधे येतो. वंशभेद करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेवर व्यापारबंदी घालणारा पहिला देश भारत होता, १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी. पण तिथे फरक होता. बहिष्कार घाला, असं तिथल्या दबलेल्या लोकांच्या चळवळीनेच जगाला सांगितलं होतं. तिथल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी १९५९ मध्ये तसं आवाहन केलं होतं. आमच्यासाठी हे सोसायला आम्ही तयार आहोत असं सोसणारा स्वतः म्हणतो तेव्हा ती गोष्ट वेगळी. एखाद्या सेनापतीची परदेशातली मालमत्ता गोठवणं, शस्त्रं विकायला बंदी, हेही वेगळं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार यंत्रणेसाठी मार्क बोसुएत या बेल्जियन कायदेतज्ज्ञांनी २००० मध्ये निर्बंध तपासायच्या सहा कसोट्या दिल्या होत्या. कारण योग्य आहे का, नेमक्या माणसांवर आहेत का, नेमक्या वस्तूंवर आहेत का, मुदत आहे का, परिणाम होतोय का, आणि जगातल्या सुज्ञ लोकांचा त्यांना आक्षेप तर नाही ना. मला यातली मुदतीची कसोटी सगळ्यात महत्त्वाची वाटते. क्युबावरची अमेरिकेची व्यापारबंदी १९६२ पासून चालू आहे. ती उठवा असा ठराव संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून जवळजवळ दरवर्षी करते. २०२४ मध्ये १८७ देशांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, भारतासह, आणि विरोधात फक्त अमेरिका आणि इस्राएल. ज्या मुलाच्या आजोबांच्या काळात भांडण झालं त्या मुलाला आज त्याची शिक्षा कशासाठी?

आपल्याकडे जातपंचायत एखाद्या घराला वाळीत टाकायची. पाणवठा बंद, दुकान बंद, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. चूक घरातल्या एकाची, शिक्षा म्हातारीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांना. महाराष्ट्राने याविरुद्ध कायदा केला. २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्या कुटुंबाने आधी काय केलं होतं हे तो कायदा विचारत नाही. वाळीत टाकणं हाच गुन्हा. देशांच्या पातळीवर असा कायदा नाही. युद्धात नागरिकांना उपाशी मारणं हे हत्यार म्हणून वापरायला जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या जोडकराराने मनाई केली आहे. पण निर्बंध हे युद्ध मानलं जात नाही, म्हणून ती मनाई तिथे लागत नाही. गोळी न झाडता तेच करता येतं आणि करणाऱ्याचे हात कायद्याने स्वच्छ राहतात. मोहिमांची लढाई मुळात ही फट बुजवण्याची आहे.

ती थोडीफार बुजली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं आणि अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर न्यूयॉर्कमध्ये गोठवले गेले. बँकांमध्ये रोकड नाही, आठवड्याला जेमतेम २०० डॉलर काढायची मर्यादा, परिचारिका आणि शिक्षकांचे पगार थकलेले, आणि समोर हिवाळा. भारताने तेव्हा पाकिस्तानमार्गे ५०,००० टन गहू पाठवायचं ठरवलं. स्वयंसेवी संस्था ओरडत राहिल्या तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेने अफगाणिस्तानपुरती मानवतावादी मदतीला स्पष्ट सूट दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सीरियात भूकंप झाला, तेव्हा तीनच दिवसांनी अमेरिकेला १८० दिवसांचा खास परवाना काढावा लागला की भूकंपाच्या मदतीचे पैसे पाठवले तर कारवाई करणार नाही. मदतीला आधीपासून सूट होती असंच अमेरिका सांगत आली होती. मग वेगळा परवाना काढायची पाळी का आली? बँका पैसे पुढे पाठवायला घाबरत होत्या, याची ती कबुलीच होती.

या दोन्हींच्या मधला मोठा टप्पा म्हणजे ९ डिसेंबर २०२२ चा ठराव २६६४. संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवणाऱ्या सगळ्या निर्बंधांना त्याने एकसारखी मानवतावादी सूट दिली. बाजूने १४ मतं, विरोधात शून्य, आणि एक देश तटस्थ. तो देश भारत होता, आणि त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही भारताकडेच होतं. आपलं म्हणणं असं की आपल्या शेजारात दहशतवादी संघटना नाव बदलून सेवाभावी संस्था होतात आणि अशा सवलतींचा फायदा घेतात. ज्या देशाने मुंबईचा हल्ला सोसला त्याची ही काळजी खोटी म्हणता येणार नाही. तरीही मला वाटतं की त्या दिवशी आपण बाजूने मत देऊन लेखापरीक्षणाच्या कडक अटी मागायला हव्या होत्या. शिवाय हा ठराव फक्त संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांपुरता आहे. अमेरिकेने आपल्या काही निर्बंधांसाठी तसेच परवाने काढले खरे, पण बँकेच्या मनातली भीती परवान्याने जात नाही.

आता कोल्हापुरातून काय करता येईल? खूप करता येईल, आणि मला ते नुसत्या मेणबत्त्या आणि फलकांपुरतं राहायला नको आहे. टोलविरोधी आंदोलनाचं उदाहरण समोर आहे. मोर्चे लाखालाखांचे निघाले, प्रा. एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे उन्हातान्हात चालले, पण करार वाचणारी, रस्त्याचं काम मोजायला लावणारी, मूल्यांकनाची मागणी धरून बसणारी माणसंही सोबत होती. २०१५ च्या अखेरीस टोल गेला.

तसं इथे पहिलं काम नकार गोळा करण्याचं आहे. औषधाचा, सर्जिकल मालाचा, धान्याचा, साखरेचा व्यवहार कायद्याने चालत असूनही बँकेने, विमा कंपनीने किंवा जहाज कंपनीने नाकारला, अशी पत्रं आणि ईमेल निर्यातदारांच्या फायलींत पडून असतात. तारीख, माल, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), रक्कम, नकाराचं कारण, एवढं लिहून घेतलं आणि नावं झाकली की तो पुरावा होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीतल्या कागदपत्रं सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या लोकांनी, साखर निर्यातीच्या व्यापाऱ्यांनी आणि सीए मंडळींनी ठरवलं तर हे काम उभं राहू शकतं. शिवाजी विद्यापीठातल्या अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात प्रबंधाचा विषय आहे.

दुसरं, मागणी नेमकी हवी. 'निर्बंध हटवा' एवढं म्हटलं की दिल्लीतला अधिकारी हात वर करतो, कारण ते त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात काय आहे? रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये परदेशी व्यापार रुपयांत करायची पद्धत खुली केली. फक्त अन्न आणि औषधांसाठी राखीव असं रुपयातलं खातं एखाद्या सरकारी बँकेत उघडा, त्याचं लेखापरीक्षण जाहीर करा, आणि त्या बँकेला सरकारची लेखी हमी द्या की कायदेशीर मानवतावादी व्यवहारासाठी तुमच्यावर बालंट येऊ देणार नाही. कोल्हापूर आणि हातकणंगले अशा दोन जागांचे खासदार इथून जातात. संसदेत लेखी प्रश्न विचारला की मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुढच्या प्रश्नाला उपयोगी पडतं.

तिसरं, बोलताना भान हवं. इराणमध्ये २०२२ मध्ये बायका-मुली रस्त्यावर उतरल्या त्या स्वतःच्या सरकारविरुद्ध. त्यांच्यातल्या अनेकांना निर्बंधांचाही जाच होता, साधी इंटरनेटवरची सेवा मिळेना. त्या सप्टेंबरात अमेरिकेने इंटरनेट सेवांवरचे निर्बंध सैल केले ते लोकांनी हीच विसंगती दाखवल्यावर. निर्बंधांना विरोध करताना त्या बायकांना मारणाऱ्या राजवटीचं कौतुक आपल्या तोंडून निघालं, तर आपण ज्यांच्यासाठी बोलतोय त्यांनाच दुखावतो. म्हणून सभेत वक्ता बोलवायचा तर त्या देशातला साधा माणूस आधी बोलवावा, डॉक्टर, नर्स, विद्यार्थी. भारतात शिकायला आलेले इराणी आणि अफगाण विद्यार्थी आहेत. ते आपसांत असहमतही असतील. ती असहमती ऐकून घ्यावी.

आणि मदतही पाठवता येते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबात पाव मिळेनासा झाला, तेव्हा हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने भारतातल्या डाव्यांनी गावोगाव फिरून १०,००० टन गहू आणि साबण जमवून जहाजाने पाठवला. आज एखाद्या जिल्ह्याने जखमेच्या पट्ट्यांचं एक कन्साइनमेंट पाठवायचं ठरवलं, तर ते पोचेल किंवा अडेल. अडलं तर कुठल्या टेबलावर, कुणाच्या सहीसाठी आणि कुठल्या कलमाखाली अडलं हे लिहून ठेवायचं, आणि तोच कागद घेऊन खासदारांच्या ऑफिसला जायचं.